ज्याला दुखतं तो

भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायरीवर दहा-बारा घरांची एक धनगरवाडी होती. तिथली धोंडाबाई हाडं बसवायची. निखळलेला खांदा, मोडलेलं मनगट, बैलगाडीखाली सापडलेला पाय, काहीही झालं तरी भोरपासून कापूरहोळपर्यंतची माणसं आधी तिच्याकडं यायची आणि गरज उरलीच तर मग पुण्याच्या इस्पितळात जायची. बहुतेकांना ती उरत नसे. हा हात तिला बापाकडून मिळाला होता. बाप शेळ्यामेंढ्यांची हाडं बसवायचा, ती माणसांची बसवू लागली.

तिची दुसरी ख्याती तोंडाची होती. हाड ओढताना ती समोरच्या माणसाला अशा काही शिव्या घालायची की त्याच्या आज्यापणज्यांचाही उद्धार व्हायचा. माणसं म्हणायची, धोंडामावशीच्या शिव्या हा औषधाचाच भाग आहे. शिव्यांनी माणूस चिडतो, चिडला की दुखण्यावरचं लक्ष उडतं, आणि तेवढ्यात मावशी झटका देते. हे कानावर आलं की धोंडाबाई नुसतं "हं" म्हणायची.

खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या बाळाबाईचं कोपर निखळलं होतं. ते धोंडाबाईनं बसवलं आणि ते जरा वाकडं बसलं. बाळाबाई त्याच हातानं दळायची, घागरी भरायची, तिचं काही अडलं नाही. पण तेव्हापासून कुणाचंही हाड हातात घेतलं की धोंडाबाईच्या डोक्यात एक आवाज उठायचा, 'वाकडं बसंल.' तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून ती मोठमोठ्यानं शिव्या द्यायची.

एकोणीसशे छत्तीस सालच्या माघात एका दुपारी दिलावर मोटारवाला एका माणसाला पाठीवर घेऊन डोंगर चढून आला. दिलावर भोरचा. भोर ते पुणे सर्व्हिस मोटार चालवायचा. एक दिवस जायचा, दुसऱ्या दिवशी परत यायचा. जाता-येता भाटघरपाशी इंजिन तापायचं, मग तो आंब्याखाली मोटार उभी करून रेडिएटरात पाणी घालायचा आणि तासभर इंजिन निवायची वाट बघायचा. त्याच्या पाठीवरचा माणूस पस्तिशीचा असावा. डोकं तासलेलं, अंगावर हळदीच्या रंगाचं कापड, आणि डावा पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळलेला.

"मावशी, पाशिंजर हाय माझा," दिलावर त्याला पडवीत टेकवत म्हणाला. "धरनाचं पानी बघाया उतरला आन दगडावनं घसरला. बुद्धाचा साधू हाय. चितगावचा, तिकडं बंगालच्या बी पल्याड. रेवत नाव त्याचं. महाडची लेणी बघून वरंध्याच्या घाटानं चालत भोरला आला. पुण्याला बी चालतच निघाला व्हता, म्याच म्हनलं, बसा मोटारीत."

"म्हंजे चालत गेला असता तर पाय धड ऱ्हायला असता," धोंडाबाई म्हणाली आणि पायाजवळ बसली.

रेवत भिक्खूनं हात किंचित वर करून काहीतरी सांगितलं. त्याची हिंदुस्थानी मोडकीतोडकी होती, पण दिलावरला ती कळायची.

"म्हनतोय, साधूला बाईमानसानं हात लावायचा न्हाई, असा नेम हाय त्यांच्यात."

"त्याला म्हनावं, म्या त्याच्या आईच्या वयाची हाय. न्हाईतर पुनं हितनं पंधरा कोस. लंगडी घालत जा."

दिलावरनं हे जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण भिक्खू वेदनेतही हसला. मग बोलला. दिलावर म्हणाला, "म्हनतो, नेम मनाचा हाय, हाताचा न्हाई. लावा हात."

धोंडाबाईचा नवरा गेनू शेळ्या आणायला निघालाच होता. त्याला तिनं थांबवलं आणि गुडघा धरायला लावला. तिनं टाच आणि चवडा पकडला, बोटांनी हाड कुठं सरकलंय ते चाचपलं आणि रीतीप्रमाणं सुरू केलं. पहिली शिवी दिली, दुसरी दिली, तिसरी अर्ध्यावर थांबली. समोरचा माणूस ओरडत नव्हता. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, कपाळावर घाम होता, श्वास लांब चालला होता. शिव्या घ्यायला समोर कुणी नसल्यासारखं धोंडाबाईला वाटलं. ती गप्प झाली. आणि गप्प झाल्याबरोबर तो आवाज आलाच, 'वाकडं बसंल.' तिनं दात आवळले आणि पाय ओढला. हाड कट्कन जागेवर गेलं.

कामट्या लावून, पट्ट्या गुंडाळून झाल्यावर तिनं घाम पुसला.

"दिलावर, इचार त्याला. दुखलं न्हाई का?"

"बहुत दुखा," भिक्खू म्हणाला.

"मग वरडला का न्हाई?"

भिक्खूनं थोडा विचार केला आणि सावकाश चार शब्द सांगितले. दिलावरनं डोकं खाजवलं.

"म्हनतो, दुखत तर व्हतं. पर ज्याला दुखतंय त्याला म्या हुडकत व्हतो. तो काय गावला न्हाई."

"म्हंजे पळून गेला का काय?" गेनूनं विचारलं.

हे भिक्खूला सांगितल्यावर तो इतका हसला की धोंडाबाईला पायावर हात दाबून धरावा लागला.

एकवीस दिवस पाय जमिनीला लावायचा नाही, असं तिनं बजावलं. शेळ्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत त्याचं अंथरूण घातलं. पहिल्याच संध्याकाळी तिनं भाकरी आणि कुळथाचं पिठलं नेलं, तर त्यानं हात जोडले आणि ताट परत केलं. धोंडाबाईला राग आला. तिच्या हातचं पिठलं वाडीत कुणी परत करत नसे. दुसऱ्या दिवशी दिलावर आला तेव्हा उलगडा झाला. भिक्खू नेमानं दुपारनंतर काही खातच नव्हता. मग ती सकाळीच दोन भाकऱ्या जास्त थापू लागली.

पण तिच्या मनात वेगळंच घोळत होतं. न ओरडण्याची ही युक्ती आपल्याकडं येणाऱ्या माणसांना शिकवता आली तर? माणूस गप्प पडून राहिला की काम किती सोपं होईल.

दिलावर रोज दुपारी यायचा. इंजिन निवेपर्यंत तो वर येऊन बसायचा आणि दोघांचं बोलणं इकडून तिकडं पोचवायचा. धोंडाबाईनं युक्ती विचारली तेव्हा भिक्खू म्हणाला की ती दुसऱ्याला शिकवायच्या आधी स्वतः बघावी लागते. काही अवघड नाही. डोळे मिटून बसायचं. श्वास आत आला, बाहेर गेला, एक. पुन्हा आत, बाहेर, दोन. असे दहा. मधे मन दुसरीकडं गेलं की पुन्हा एकपासून.

"एवढंच?" धोंडाबाई म्हणाली. तिनं पदर सावरला आणि बसली.

तिसऱ्या श्वासाला ती तांबड्या शेळीपाशी होती. तिचं करडू दोन दिवस नीट पीत नव्हतं. परत एकपासून सुरू केलं. चौथ्याला आठवलं की मीठ संपलंय. पुन्हा एक. या वेळी दोनलाच मनात आलं की, बघा, आता कसं जमतंय.

"हे माझं मन हाय का उनाड करडू," ती डोळे उघडून म्हणाली.

मग गेनू बसला. तो खूप वेळ बसला. दहा होऊन गेले तरी उठला नाही. जवळ जाऊन बघितलं तर तो घोरत होता. बाळाबाईनंही करून बघितलं. ती म्हणाली, "दोनावरच मला हसू आलं, मग काय मोजत बसू?"

ही गोष्ट आंब्याखालच्या पाशिंजरांपर्यंत गेली. मोटार निवेपर्यंत त्यांना दुसरं काही करायला नव्हतं, तेही वर येऊन बसू लागले. कुणी तीनवर अडायचं, कुणी पाचवर. भोरचा एक कारकून मात्र पहिल्याच फटक्यात डोळे उघडून म्हणाला, "झाले दहा. कुठंही मोडलं नाही."

गेनू लांब बसून दोर वळत होता. त्यानं विचारलं, "मधी ती शेळी वरडली, तवा बी न्हाई मोडलं?"

"शेळी ऐकली मी. पण मन हललं नाही."

"शेळ्या तर समद्या डोंगरावर हायती," गेनू म्हणाला.

सगळे हसले. कारकुनाचे कान लाल झाले. भिक्खूनं विचारून घेतलं काय झालं ते, आणि दिलावरमार्फत कारकुनाला सांगितलं की दुसऱ्याचं मोजणं कुणालाच दिसत नाही, तेव्हा खोटं बोलायचं तरी कुणासाठी. तो स्वतःही पहिलं वर्षभर गुरूला रोज दहा सांगायचा आणि व्हायचे चारच. हे ऐकून कारकून पुन्हा बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "दोन." त्याचा आवाज मोकळा झाला होता.

आठवड्यानं चिमाजी लाकूडतोड्या खांदा निखळवून आला. त्याचा खांदा वर्षातून एकदा तरी निखळायचा. धोंडाबाईला वाटलं, चांगला मोका आहे. तिनं त्याला उताणं झोपवलं, काखेत टाच रोवली, हात धरला आणि म्हणाली, "चिमाजी, वरडू नगंस. ज्याला दुखतंय तो कुठं हाय त्ये बघ."

"त्यात काय बघायचं," चिमाजी कण्हत म्हणाला. "हितं तुझ्या म्होरं पडलाय की."

"तसं न्हवं. आतमधी बघ."

"मावशे, तू खांदा बसीव. आतलं म्या घरी जाऊन बघतो."

तिनं हात ओढला तसा चिमाजी असा ओरडला की गोठ्यातली करडं खुंटे उपटून पळाली. तिनं नेहमीच्या चार शिव्या हासडल्या तेव्हा कुठं खांदा बसला. जाताना चिमाजी गेनूला म्हणाला, "शिव्या झ्याक व्हत्या. पर मधी ते काय इचारलं, ते काय मला सोसलं न्हाई."

धोंडाबाई त्या दिवशी खट्टू झाली. संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं की आपण चिमाजीला जे बघायला सांगितलं ते आपण तरी कुठं बघितलंय. तिला स्वतःच्या आत एक गोष्ट माहीत होती आणि तिच्याकडं तिनं नऊ वर्षं पाठ फिरवली होती.

दुसऱ्या दिवशी दिलावर आल्यावर ती पडवीत गेली आणि भिक्खूसमोर बसली. बाळाबाईच्या कोपराची गोष्ट तिनं पहिल्यांदा मोठ्यानं सांगितली. आवाज कसा येतो, तो ऐकू येऊ नये म्हणून शिव्या कशा द्याव्या लागतात, सगळं. दिलावर भाषांतर करायचं विसरून तिच्याकडं बघत राहिला.

"आन आमी समजत व्हतो तुमचं तोंडच तसं हाय," तो म्हणाला.

"ते बी हायच," धोंडाबाई म्हणाली. "तू सांग त्याला."

दिलावरनं सांगितलं. भिक्खूनं तिला धीर दिला नाही, की काही मंत्रही दिला नाही. त्यानं फक्त विचारलं, तो आवाज येतो कुठून? किती वेळ राहतो? जातो कुठं? हाकलू नका आणि मागंही जाऊ नका. आला की बघा.

धोंडाबाई बघायला लागली. तिला वाटलं होतं की आवाज फक्त हाड बसवताना येतो. आता कळलं की तो दिवसभर येतो. भाकरी वाकडी थापली गेली की येतो, बाळाबाई पाण्याला निघाली की येतो, करडाचा पाय घसरला की येतो. तीन दिवसांनी तिनं दिलावरला सांगितलं, "त्याला म्हनावं, आवाज यायच्या आधी पोटात खड्डा पडतो. मग आवाज येतो. जरा थांबतो. त्याच्याकडं नीट बघितलं की पातळ व्हतो, ताकात पानी घातल्यावानी. मग दुसराच काय तरी इचार येतो आन ह्यो न्हाईसा व्हतो. जाताना काय दिसत न्हाई."

भिक्खू पुढं सरकून बसला. "हे सगळं बघितलं कुणी?"

"म्या."

"ती 'म्या' कुठं आहे? तीही बघा."

हे काम चार-पाच दिवस चाललं. धार काढताना, शेण उचलताना, चुलीपाशी बसल्यावर धोंडाबाई मधेच थांबायची आणि शून्यात बघायची. गेनूनं दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "काय हरवलंय?"

"म्या."

गेनूनं जरा विचार केला. "चुलीमागं बघितलं का? मागं विळी तितंच गावली व्हती."

तिला हसू आलं, आणि हसता हसता तिला दिसलं की हसू आलेलं कळतंय. त्याआधी शोधण्याचा वैताग होता, तोही कळत होता. धूर डोळ्यांत जात होता, तो कळत होता. ती चुलीपुढं तशीच बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

त्याच दिवशी दुपारी ती बाळाबाईकडं गेली. उंबऱ्यावर बसून म्हणाली, "बाळे, तुझं कोपर माझ्या हातनं वाकडं बसलं. नऊ वर्सं माझ्या मनात हाय त्ये. आज सांगते."

बाळाबाई तांदूळ पाखडत होती, त्याच हातानं. ती थांबली. "कोपर माझं, आन नऊ वर्सं दुखतंय तुला? अगं, पावसाळ्यात ठसठसतं जरा, दुसरं काय न्हाई." मग तिनं सूप पुढं केलं. "आलीयास तर खडे निवड."

दोघी संध्याकाळपर्यंत तांदूळ निवडत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दिलावर आला तेव्हा धोंडाबाईनं शोधाचा हिशेब दिला. "त्याला सांग, समदीकडं बघितलं. डोळ्याच्या मागं बघितलं, छातीत बघितलं. जिला म्या म्हनते ती कुठं गावत न्हाई. पर मोकळं बी न्हाई आत. थंडी वाजली तर कळतं, शेळी वरडली तर कळतं, भ्या वाटलं तर त्ये बी कळतं. कळनं हाय. कळनारी गावत न्हाई."

दिलावरला हे हिंदुस्थानीत सांगताना घाम फुटला. तीनदा चुकला, तीनदा दुरुस्त केलं.  ऐकून भिक्खूचा सगळा चेहरा उजळला आणि तो आपल्या चितगावच्या बोलीतच भराभर बोलू लागला.

"काय म्हनतोय?" धोंडाबाईनं विचारलं.

"मला काय कळत न्हाई, मावशी," दिलावर म्हणाला. "पर लई खूश हाय."

बाविसाव्या दिवशी तिनं कामट्या सोडल्या. घोटा सरळ होता. भिक्खू काठी घेऊन अंगणात चार फेऱ्या मारून आला आणि त्यानं झोळी भरली. त्या दिवशी दिलावर पुण्याला चालला होता, तो त्याला घेऊन जाणार होता. वाडीतली सगळी माणसं डोंगर उतरून आंब्यापर्यंत पोचवायला आली. पाशिंजर मोटारीत बसले. दिलावरनं पुढं जाऊन इंजिन सुरू करायचं हँडल मारलं. इंजिन गुरगुरलं, थांबलं, आणि हँडल उलटं फिरून त्याच्या उजव्या मनगटावर बसलं.

तो खाली बसला. मनगट दुसऱ्या हातात धरलेलं होतं आणि पंजा उलथण्यासारखा मागं वळला होता.

धोंडाबाईनं तिथंच, आंब्याच्या मुळाशी त्याला बसवलं. गेनूला कामट्या आणायला पिटाळलं. दिलावरचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्याचं मनगट हातात घेऊन चाचपू लागली. दोन हाडं होती, एक मोडलं होतं, दुसरं सरकलं होतं. मोटारवाल्याचा उजवा हात होता हा. याच्यावर त्याचं घर चालत होतं. आणि तिच्या पोटात खड्डा पडला.

तिनं शिवी दिली नाही. ती थांबली. आवाज आला, 'वाकडं बसंल.' तिनं त्याला येऊ दिलं. तो आला तसा तिथं राहिला, आणि त्याच वेळी तिच्या बोटांखाली हाडाची कडही होती, अगदी स्पष्ट. बोटांना काय करायचं ते ठाऊक होतं. त्यांना आवाजाचं काही देणंघेणं नव्हतं.

"मावशी," दिलावर घाबरून म्हणाला, "शिव्या द्या की. गप का? लई खराब हाय का?"

"काय खराब न्हाई. म्या बघतेय."

भिक्खू काठी टेकत जवळ येऊन बसला आणि दिलावरशी बोलू लागला. तो काय बोलतोय हे इतरांना कळेना. धोंडाबाईनं विचारलं, "काय म्हनतोय?" आणि सवयीनं दिलावर सांगू लागला.

"म्हनतोय, दुखनं कुठं हाय त्ये बघ. हितं हाय, मनगटात. म्हनतोय, एकाच जागी हाय का हलतंय. हलतंय. कोपरापातुर येतंय, परत जातंय. म्हनतोय, येतं आन जातं त्याच्या मधी काय हाय. मधी," दिलावर थबकला, "मधी जरा न्हाईच. मावशी, मधी दुखतच न्हाई. आता म्हनतोय, ज्याला दुखतंय तो..."

तेवढ्यात धोंडाबाईनं ओढलं.

दिलावर असा ओरडला की धरणाच्या भिंतीवरून त्याचा आवाज परत आला. पाण्यावरचे बगळे उडाले. मोटारीतला एक म्हातारा दचकून खाली उतरला. मग सगळं शांत झालं. दिलावर धापा टाकत आपल्या मनगटाकडं बघत होता. पंजा जागेवर आला होता. आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो हसत होता.

"काय झालं रं?" धोंडाबाई पट्टी गुंडाळत म्हणाली.

"म्या वरडत व्हतो ना, मावशी," तो म्हणाला, "त्ये बी मला कळत व्हतं. वरडनं येगळं चाललं व्हतं आन कळनं येगळं. कळनं काय वरडत न्हवतं." मग त्याला आठवलं आणि त्यानं तेच भिक्खूला हिंदुस्थानीत सांगितलं. भिक्खूनं मान हलवली आणि त्याच्या धडक्या हाताच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकवीस दिवस न्हाई, तुला सव्वा महिना," धोंडाबाई म्हणाली. "आन हँडलला हात लावशील तर दुसरा म्या मोडीन."

मोटारीच्या मालकानं दुसऱ्या दिवशी भोरहून दुसरा ड्रायव्हर धाडला. भिक्खू त्या मोटारीनं गेला. जाताना त्याच्याकडं द्यायला काही नव्हतं. त्यानं बोटांवर मोजून दाखवत धोंडाबाईला एवढंच विचारलं, की आता रोज किती होतात. ती म्हणाली, "कधी सात. काल दोन." त्याला सातापेक्षा दोनाचा आनंद जास्त झालेला दिसला. दुभाषी दिलावर शेजारीच होता, पण दोघांनाही त्याची गरज पडली नाही.

दिलावर दर पाचव्या दिवशी पट्टी दाखवायला भोरहून चालत यायचा. त्याची बायको अकिला त्याच्याबरोबर शेवयांचा डबा घेऊन यायची. तिनं धोंडाबाईला सांगितलं की हल्ली हा माणूस घरात कुणावर रागावला तर मधेच थांबतो आणि म्हणतो, थांब, राग आलाय, बघू दे. घरातल्यांना आधी वाटलं हँडल डोक्यालाही लागलं की काय.

चैत्र संपता संपता पट्टी सुटली. मनगट सरळ होतं. दिलावरनं मूठ वळली, उघडली, जात्याचा खुंटा धरून चार वेढे फिरवले. बाळाबाईनं त्याला तेवढ्यात पायलीभर नाचणी दळायला लावली.

धोंडाबाईचं हाडं बसवणं चालूच राहिलं. हाडं बसायची तशी बसायची. एखादं कधी मनासारखं बसायचंही नाही, मग ती तसं सरळ सांगून टाकायची आणि पुण्याला धाडायची. येणारी माणसं मात्र जरा नाराज असायची, कारण मावशी आता गप्प असते. जुने लोक आग्रहच करायचे, तेव्हा ती त्यांच्या समाधानासाठी एखादी शिवी द्यायची. पण तिच्यात पूर्वीचा दम नाही, असं चिमाजीचं मत होतं.

वैशाखात एका दुपारी कापूरहोळहून निरोप आला. तिथल्या एका घरी म्हातारी पडली होती आणि तिला हलवता येत नव्हतं. दिलावर पुण्याला निघाला होता. तो म्हणाला, "मावशी, चला, सोडतो."

धोंडाबाई आजवर मोटारीत बसली नव्हती. दिलावरनं तिला आपल्या शेजारी पुढं बसवलं. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. हँडल मारलं, इंजिन धडधडलं, आणि आंबा, धरण, वाडीची वाट सगळं मागं पळायला लागलं. पहिल्या उतारावर मोटार सुटली तशी तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी पकडली. तिचे डोळे विस्फारले होते आणि पदर वाऱ्यानं डोक्यावरून उडाला होता.

"भ्या वाटतंय का, मावशी?" दिलावरनं विचारलं. "हळू घेऊ?"

"वाटतंय," धोंडाबाई म्हणाली. "लई वाटतंय. जरा जोरात घे."